आबांचा झोपलेला खटला

माझ्या मुलांचा असा समज आहे की त्यांच्या बापाने तरुणपणी संयुक्त महाराष्ट्रासाठी काहीतरी केलं. मी तो समज मोडत नाही. घरात बापाविषयी जे चार बरे समज असतात, त्यांतले तीन बायकोने आधीच मोडलेले आहेत. चौथा राहू दे म्हणतो. पण खरं सांगायचं तर त्या सगळ्या वर्षांत, मुंबई पेटलेली असताना, मी गिरगावात खुर्च्या मांडत होतो.

खुर्च्या आमच्या मंडळाच्या. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही. मंडळाचं नाव इतकं लांब होतं की पाटीवर दोन ओळींत मावलं नाही, तिसरी ओळ रंगाऱ्याने कडेने बारीक अक्षरात बसवली होती. देशातल्या राजकीय, आर्थिक आणि न्यायविषयक सुधारणांचा अभ्यास करायचा, परिषदा भरवायच्या आणि सरकारला धोरणं सुचवायची, हा मंडळाचा उद्देश. सरकारने ती सुचवून घ्यायची असं कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि सरकारनेही तसा गैरसमज कधी करून घेतला नाही.

मी तिथे ‘संशोधन साहाय्यक’ होतो. आमच्या चाळीतला पहिला अर्थशास्त्राचा बी. ए. असल्यामुळे या हुद्द्याचा घरी फार गाजावाजा झाला. संशोधन म्हणजे विद्वानांचे निबंध स्टेन्सिलवर टाइप करायचे, सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायचं, निघालेले ओले कागद दोरीवर वाळत घालायचे आणि परिषदेच्या दिवशी खुर्च्या, तांब्याभांडी आणि टाचण्या सांभाळायच्या. शाई हातात इतकी मुरली होती की जेवायला बसलो की आई माझ्या बोटांकडे बघून म्हणायची, “झिला, देशाची सुधारणा कर, पण आधी हात धू.”

परिषद तीन दिवसांची असायची. पहिला दिवस राजकीय सुधारणांचा, दुसरा आर्थिक, तिसरा न्यायविषयक. पहिल्या दिवशी गर्दी. दुसऱ्या दिवशी आकडे, त्यामुळे जेवणानंतर डुलक्या. तिसऱ्या दिवसापर्यंत बाहेरगावची मंडळी नातेवाइकांकडे किंवा खरेदीला गेलेली असायची आणि न्याय उरलेल्यांच्या वाट्याला यायचा. खालून रस्त्याने मोर्चा आला की खिडक्या लावून घ्यायच्या, हे माझंच काम. एक प्राध्यापक होते, ते नेहमी म्हणायचे की भाषावार राज्याचा प्रश्न भावनेने नव्हे तर आकडेवारीने सोडवला पाहिजे. एकदा ते हे वाक्य बोलायला आणि खालून ‘झालाच पाहिजे’ची आरोळी उठायला एकच गाठ पडली. ते थांबले. पाणी प्याले. मोर्चा भलताच लांब होता. त्यांनी तांब्या संपवला, मी दुसरा आणून दिला, तोही अर्धा झाला, तरी मोर्चा चाललेलाच. शेवटी अध्यक्षांनी घड्याळ बघून त्यांचे आभार मानले.

या सगळ्याची मला तेव्हा गंमत वाटे. घरी जाऊन मी नकला करून दाखवायचो. आई हसायची. आबा, म्हणजे माझे वडील, हसत नसत.

आबा नुकतेच गिरणीतून निवृत्त झाले होते. कापडखात्यात कारकून. चाळ कमिटीचे ते अध्यक्ष, आणि नळाच्या पाळीपासून गणपतीच्या मंडपापर्यंत सगळं काही सभा घेऊन, सूचना मांडून, अनुमोदन घेऊन झालं पाहिजे असा त्यांचा हट्ट. चाळीत ते नुसते शिंकले तरी लोक म्हणत, “अनुमोदन!” त्यांना तो चेष्टेचा सूर कधी कळला नाही, किंवा कळूनही चालला असेल. चाळीत ठराव झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर त्याप्रमाणे बादल्या लागलेल्या दिसायच्या. शब्दाला असं वजन असलेलं त्यांनी रोज बघितलं होतं. त्यामुळे परिषद ही हसण्याची गोष्ट आहे हे त्यांना पटणं शक्य नव्हतं.

लालबागला आमच्या दोन खोल्या होत्या. तळमजल्यावर, कोपऱ्याला, रस्त्याकडे तोंड करून. हा कोपराच आम्हांला नडला. घरमालकाला तिथे मुलासाठी दुकान काढायचं होतं. त्याने आबांवर दावा लावला की, तुम्ही पोटभाडेकरू ठेवलात, सबब जागा खाली करा.

पोटभाडेकरू म्हणजे माझा आतेभाऊ. आबांच्या मोठ्या बहिणीचा मुलगा. मालवणहून आला, आबांनी त्याला गिरणीत चिकटवला, आणि तो आमच्या पडवीत वळकटी टाकून झोपू लागला. आमच्या चाळीत असा भाचा, पुतण्या किंवा मेव्हणा नसलेली एकही खोली नव्हती. हे सगळे पोटभाडेकरू धरले तर चिंचपोकळीपासून काळाचौकीपर्यंतची प्रत्येक खोली खाली करावी लागली असती. पण आमची खोली कोपऱ्यावर होती.

आमचे वकील गिरगावातले, म्हातारे, तपकीर ओढणारे. त्यांची वकिली सगळी तारखांत होती. वादी हजर नाही, तारीख घ्या. कागद आले नाहीत, तारीख घ्या. साहेब रजेवर, तारीख. हरताळ, अर्थातच तारीख. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा आमच्या घराला जो काही थेट उपयोग झाला तो एवढाच, की हरताळ पडला की खटला पुढे जायचा. “तुमचा खटला झोपलाय,” वकील आबांना म्हणायचे. “भाडेकरूचा खटला म्हणजे पाळण्यातलं पोर. झोपलंय तोवर घर शांत. तुम्ही पावलं न वाजवता ये-जा करा, बस्स.”

आईला हे तंतोतंत पटलेलं होतं. तारखेच्या दिवशी ती आबांच्या हातावर दही-साखर ठेवायची. आबा काळी टोपी आणि लग्नातला कोट घालून निघायचे. सगळी चाळ त्यांना वाट करून द्यायची. संध्याकाळी परत आले की उंबऱ्यावर बसून ते बूट काढायचे आणि एकच शब्द बोलायचे, “तारीख.”

“बरा झाला,” आई म्हणायची आणि कालवण गरम करायला आत जायची.

“बरा काय झाला त्यात? काय बरा झाला?” आबा तिथूनच ओरडायचे. “माझ्या भाच्याला तो पोटभाडेकरू म्हणतो आणि कोर्ट म्हणतं, पुढच्या वेळी बघू! उद्या तुला कोणी म्हटलं की हा तुझा मुलगा नव्हे, खानावळीतलं गिऱ्हाईक आहे, तर चालेल?”

“तो तसोच वागता,” आई माझ्याकडे बघून म्हणायची. “येता, जेवता, जाता.”

असं आमच्या घरात दोन माणसांना दोन गोष्टी हव्या होत्या. आईला डोक्यावरचं छप्पर हवं होतं. आबांना हवं होतं की उंच खुर्चीवर बसलेल्या कोणीतरी एकदा ठासून म्हणावं, भाचा हा भाचाच आहे. दोन्ही एकाच खटल्यात अडकलं होतं, आणि खटला झोपलेला होता तोवर दोघंही एका घरात नांदत होती.

तर त्या वर्षी परिषदेच्या तिसऱ्या दिवसाला विषय ठरला ‘न्यायदानातील दिरंगाई’. आमच्या मंडळाचे चिटणीस विलायतेत शिकलेले होते. इस्त्रीचं धोतर आणि वर टाय, असा त्यांचा पोशाख. तयारीच्या बैठकीत ते म्हणाले, “आपल्या परिषदेत कागद फार होतात, माणूस दिसत नाही. खराखुरा एखादा पक्षकार उभा करता आला तर? वर्षानुवर्षं तारखा खाणारा?” मी तेव्हा भांड्यांत पाणी ओतत होतो. मान वर न करता ओततच राहिलो, भांडं भरून पाणी टेबलावर सांडलं तरी.

मी घरी काहीच बोललो नाही. पण बिघडलेले कागद मी घरी आणायचो आणि आई ते फळीवर डब्यांखाली अंथरायची. आमच्या हळदीच्या डब्याखाली ‘राज्यांची पुनर्रचना’ होती आणि तांदळाखाली ‘पंचवार्षिक योजनेचे सिंहावलोकन’. आबा छापलेलं काहीही सोडत नसत. मिठाची बरणी उचलली तर तिच्याखाली त्यांना दिसलं, ‘न्यायदानातील दिरंगाई : एक टिपण’. बरणी हातात धरून त्यांनी ते उभ्या-उभ्या वाचलं. आईची आमटी तशीच बिनमिठाची उकळत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हँडल फिरवत होतो तर जिना चढून काळी टोपी आणि लग्नातला कोट वर आला.

चिटणिसांना आबांनी वाकून नमस्कार केला. ओळख सांगितली. खटला सांगितला. चिटणीस खुर्चीतून उठलेच. “अहो, हे तुमचे वडील?” ते मला म्हणाले. “मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“विषय निघाला नाही, सर,” मी म्हणालो.

घरी त्या दिवशी जे झालं त्याला भांडण म्हणता यायचं नाही, कारण भांडत फक्त आई होती. आबा पडवीत उभे राहून भाषणाची तयारी करत होते.

“वकिलाक इचारल्यात?” आई म्हणाली.

“त्याला काय विचारायचं? तो दिरंगाईच्याच बाजूचा.”

“खटलो झोपलो हा तर झोपांदे. तुमका कित्याक उठवूचो हा?”

“झोपलेला खटला म्हणजे न्याय नव्हे,” आबा म्हणाले, आणि हे वाक्य बरं जमलं असं वाटून त्यांनी ते पुन्हा एकदा, जरा हात वर करून, म्हणून बघितलं. पलीकडच्या खोलीतून कोणीतरी ओरडलं, “अनुमोदन!”

माझा आतेभाऊ कोपऱ्यात वळकटीवर बसून हे ऐकत होता. तो कमी बोलायचा. एवढंच म्हणाला, “मामा, माझा नाव घेतलास तर नीट घे. गावाक कळतला.”

तिसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त खुर्च्या भरल्या, कारण चिटणिसांनी खरा पक्षकार येणार असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. अध्यक्ष एक निवृत्त न्यायमूर्ती होते. दोन निबंध झाले, दोन्ही मीच टाइप केलेले, त्यामुळे पुढचं वाक्य मला आधीच येत होतं. मग आबा उभे राहिले. मी भिंतीला टेकून उभा होतो.

आबा छान बोलले. हे मला कबूल केलंच पाहिजे. चाळीच्या गॅलरीत बोलत तसेच बोलले, घाई नाही, आवाज चढवला नाही. दही-साखर सांगितली, कोट सांगितला, उंबऱ्यावर बसून बूट काढणं सांगितलं. लोक हसले. न्यायमूर्ती जागे झाले. भाच्याचं सांगितलं तेव्हा हसू थांबलं. पडवीत बसवलेलं भाषण इथे संपत होतं. शेवटी नमस्कार करून खाली बसायचं ठरलं होतं. पण टाळ्या सुरू झाल्या. आबांनी आयुष्यात चाळीबाहेरच्या लोकांच्या टाळ्या ऐकल्या नव्हत्या. ते बसायचे थांबले. हात वर केला. आणि जे कुठे ठरलं नव्हतं ते वाक्य बोलले :

“मला तारीख नको, साहेब. मला निकाल द्या. माझ्याविरुद्ध गेला तरी चालेल, पण द्या!”

सभागृह उसळलं. चिटणीस टाय सावरत उभं राहून टाळ्या वाजवत होते. मी पण वाजवल्या. सगळे वाजवत असताना संशोधन साहाय्यकाने हाताची घडी घालून उभं राहणं बरं दिसलं नसतं.

ठराव झाला. मीच तो नंतर टाइप केला. न्यायदान सत्वर व्हावं, अकारण तारखा देऊ नयेत, अशी ही परिषद शासनास आग्रहाची शिफारस करते. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात आबांचं ते वाक्य चौकटीत आलं, नावानिशी. चाळीत ते हातोहात फिरलं. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने भिंतीवर चिकटवलं. तीन-चार दिवस आबा चाळीत नळावर गेले तरी लोक बाजूला सरायचे, आणि एकदा तर त्यांची पाळी नसताना त्यांना पाणी मिळत होतं. त्यांनी ते घेतलं नाही. पाळीचा ठराव होता.

पुढच्या तारखेला वकील कोर्टातून बाहेर आले ते तपकिरीची डबी उघडायची विसरून. आबांच्या सोबत त्या दिवशी मी होतो. “कुणी उठवला याला?” वकिलांनी विचारलं. आबांना कळेना. वकिलांनी सांगितलं. समोरच्या वकिलाने कोर्टापुढे वर्तमानपत्राची ती चौकट ठेवली होती. प्रतिवादीलाच निकाल लवकर हवा आहे, तो जाहीर सभेत तसं म्हणाला आहे, विरुद्ध गेला तरी चालेल असंही म्हणाला आहे. साहेबांनी ती चौकट वाचली, चष्मा काढला, आणि म्हणाले, मग काय हरकत आहे? सुनावणी लागली.

“पण मी विरुद्ध गेला तरी असं म्हणालो ते...” आबा म्हणाले.

“ते काय?”

टाळ्यांमुळे, असं त्यांना म्हणता येईना.

सुनावणीला आम्ही सगळे गेलो. आई पहिल्यांदाच कोर्टात आली होती. ती आणि माझा आतेभाऊ मागच्या बाकावर बसले. वकिलांनी आबांना पढवून ठेवलं होतं की विचारलं तेवढंच बोला. हो किंवा नाही. चुलत्या-मामांच्या कथा नकोत. आबांनी मान डोलावली होती.

घरमालकाचा वकील तरुण होता, आणि वागायला अगदी मऊ. त्याने आबांना आधी गिरणीचं विचारलं, मग गावचं, आणि मग सहज विचारावं तसं म्हणाला, “म्हणजे तुमचा हा भाचा इतकी वर्षं तुमच्याकडे फुकटच राहतोय म्हणा की. फुकटच जेवतोय.”

आमचे वकील उठायच्या आत आबा बोलले. “फुकट?” ते म्हणाले. मी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. “माझा भाचा कोणाचं फुकट खाणारा नाही, साहेब. पगार झाला की पहिला मामीच्या हातात आणून ठेवतो. एक महिना चुकलेला नाही. आमच्या घराण्यात फुकट खाणारा जन्माला आलेला नाही!”

तरुण वकिलाने “एवढंच” म्हटलं आणि तो खाली बसला. मी आमच्या वकिलांकडे बघितलं. ते डोळे मिटून तपकीर ओढत होते. टंकलेखक आबांचं वाक्य उतरवून घेत होता, आणि मला, बी. ए. असल्यामुळे, ते वाक्य कागदावर कसं दिसेल ते तिथेच दिसलं. दर महिन्याला पैसे देतो. चुकत नाही. मी मागे वळून बघितलं. आतेभाऊ मान वर करून बसला होता. त्याच्या तोंडावर असं तेज होतं की जणू खटला जिंकला. आबा पिंजऱ्यातून उतरले तेव्हा त्यांनीही आधी त्याच्याकडेच बघितलं.

निकाल विरुद्ध गेला. जागा खाली करण्यासाठी मुदत मिळाली.

“घाबरू नका,” वकील म्हणाले. “आपण वर जाऊ. अपील करू, स्थगिती घेऊ. वर तर अजून पुष्कळ तारखा आहेत हो! आठ-दहा वर्षं कुठे गेली नाहीत.”

आबा म्हणाले, “नाही.”

वकिलांना वाटलं म्हातारा दमला. उद्या बोलू म्हणाले. पण दुसऱ्या दिवशीही आबा नाही म्हणाले, आणि तिसऱ्याही. “मी सभेत काय बोललो? तारीख नको, निकाल द्या. विरुद्ध गेला तरी चालेल. छापून आलंय. आता मीच अपिलात जाऊन तारखा मागू?”

“अहो, सभेत माणूस काहीही बोलतो,” वकील म्हणाले.

“मी नाही बोलत.”

घरी आईने जेवण करायचं थांबवलं नाही, पण ती वाढताना बोलेनाशी झाली. एकदाच बोलली. “टाळये वाजवूक लोक इले. आता ऱ्हवाक खय जातलंव, ता इचारा त्यांका.” आतेभाऊ म्हणाला, “मामा, मी दुसरीकडे जातंय. मगे तर झाला?” आबा म्हणाले, “तू गेलास तर मी खोटा ठरलो. म्हणजे तू पोटभाडेकरूच होतास.” तो बिचारा तसाच वळकटीवर बसून राहिला. त्या दिवसांत आमच्या घरात प्रत्येकजण दुसऱ्याची अब्रू सांभाळत होता आणि जागा सांभाळायला कोणी उरलं नव्हतं. मी काय केलं, असं मुलं विचारतात. मी अपिलाच्या तरतुदींचा अभ्यास करून आबांना समजावून दिल्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “टिपण चांगलं झालंय.”

त्याच सुमारास मंडळाच्या वार्षिक अहवालाचं स्टेन्सिल माझ्याकडे आलं. त्यात एक परिच्छेद होता. परिषदांचं प्रत्यक्ष फलित काय, अशी शंका काही सभासद घेतात. त्यांच्या माहितीसाठी नमूद करण्यात येते की गेल्या परिषदेत उपस्थित झालेल्या एका दीर्घकाळ रखडलेल्या खटल्याचा निकाल अल्पावधीत लागला. मी ते टाइप केलं. एकही चूक झाली नाही. चिटणिसांनी तपासताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. “वडिलांना बरं वाटलं असेल.”

“हो, सर,” मी म्हणालो.

मुदत संपायला आणि महाराष्ट्र व्हायला एकच गाठ पडली. लालबागला त्या दिवसांत कमानी, पताका, दिव्यांच्या माळा. ज्याला त्याला पेढे. आमच्या चाळीने तर गणपतीसारखी आरास केली होती. आमच्या दाराशी हातगाडी उभी होती आणि तिच्यावर आम्ही पाटा-वरवंटा, ट्रंका, फळीवरचे डबे चढवत होतो. लोक शिडीवरून उतरून आमचं एखादं ओझं उचलायचे, गाडीवर ठेवायचे, आणि परत शिडीवर चढून पताका बांधायचे. आनंद होता, तो लपवणार कुठे?

चाळ कमिटीने आबांसाठी सभा घेतली. शेवटच्या वेळी अध्यक्ष आबाच होते. ‘अध्यक्ष चाळ सोडून जात असल्याबद्दल ही सभा तीव्र दुःख व्यक्त करते’ असा ठराव आला. आबांनी चष्मा लावून तो वाचला. “दुःख काढा,” ते म्हणाले. “मुदतीत जागा खाली करणं यात दुःख कसलं? ‘नोंद घेते’ असं लिहा.” तसं लिहिलं. अनुमोदन कोण देणार असं त्यांनी विचारलं. एरवी त्यांच्या शिंकेला अनुमोदन देणारी चाळ. त्या दिवशी कोणीच बोलेना. शेवटी आबा म्हणाले, “अनुमोदन आलं असं धरतो,” आणि सभा संपली. कोणीतरी त्यांच्या हातात पेढा ठेवला.

“महाराष्ट्र झाला,” आबा आईला म्हणाले आणि अर्धा पेढा तिच्यापुढे धरला.

“झालो,” आई म्हणाली. “चला, गाडी निघाली.”

आम्ही कल्याणच्या पुढे अंबरनाथला एका खोलीत गेलो. आतेभाऊ आमच्याबरोबर आला नाही. गिरणी लांब पडली असती. तो काळाचौकीला कुणाच्या तरी पडवीत, कुणाचा तरी मेव्हणा म्हणून राहायला गेला. तो खरंच त्यांचा मेव्हणा होता की नाही, आम्ही विचारलं नाही. लालबागच्या आमच्या खोल्यांची मधली भिंत पाडून घरमालकाच्या मुलाने मिरची-मसाल्याचं दुकान घातलं. चांगलं चालतं ते अजून. आई पुढे मसाला आणायला लालबागला जायची, पण त्या दुकानासमोरून कधी गेली नाही. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जायची आणि यायची.

मंडळाची पुढची परिषद नव्या राज्यात भरली. उत्साह मोठा होता. आता सरकार आपलं, आता धोरणं ऐकली जातील, असं चिटणीस उद्‌घाटनात म्हणाले. तिसऱ्या दिवशीचा विषय होता ‘नागरी निवासाचा प्रश्न’. मी खुर्च्या मांडत होतो. मागून दारातून काळी टोपी आणि लग्नातला कोट आत आला. अंबरनाथहून इतक्या लांब आबा त्यासाठी आले होते. मी त्यांना घरी विषय सांगितला नव्हता. पण फळ्या नसल्या तरी डबे होते, आणि डब्यांखाली कागद.

मी पुढची खुर्ची दाखवली. ते शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले. निबंध झाले. भाषणं झाली. अध्यक्षांनी विचारलं, उपस्थितांपैकी कोणाला काही बोलायचं आहे का? चिटणिसांनी आबांना ओळखलं. त्यांच्याकडे बघून मान हलवली, या म्हणून हातानेही खुणावलं. सगळ्यांच्या माना वळल्या. आबांनी हात थोडासा वर केला. मग त्याच हाताने टोपी सारखी केली आणि ते उठले. मी दाराशी गेलो.

“थांबा ना, आबा. ठराव वाचायचाय.”

“गाडी चुकेल,” ते म्हणाले. “तू सांग घरी आल्यावर.”

ते जिना उतरून गेले. मी ठराव वाचून होईपर्यंत थांबलो, नंतर खुर्च्या मिटल्या. ठराव तोच होता. ‘न्यायदान’ होतं तिथे ‘निवास’ टाकलेलं. स्टेन्सिल माझ्याच हातचं, त्यामुळे मला पाठच होता. घरी गेलो तेव्हा आबा जागे होते. भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण जागे होते, हे मला त्यांच्या श्वासावरून कळलं. त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. सकाळी आई हळदीच्या डब्याखालचा कागद बदलत होती. तिने माझ्याकडे हात पुढे केला, आणि मी पिशवीतून ठरावाची बिघडलेली एक प्रत काढून तिला दिली.